फोकस कितीही बसवला तरी समोरचे अप्पर मारतात: बदललेल्या हेडलाईटचा झोत भिंतीवर कसा तपासावा

एकाच गाडीबद्दल दोन उलट तक्रारी एकाच वेळी असतात, आणि म्हणूनच हा दोष पकडीत येत नाही. गाडी चालवणारा म्हणतो की, नवे पांढरे एलईडी बल्ब बसवले, बोनेटसमोरचा रस्ता दुधासारखा उजळला, पण लांबचे काही दिसत नाही. त्याच वेळी समोरून येणारा, या गाडीचे दिवे डिपरवर (खालच्या झोतावर) असतानाही, पुन्हापुन्हा अप्पर (लांबचा, वरचा झोत) मारून ते खाली करायला सांगतो. मग गाडी मेकॅनिककडे जाते आणि तो हेडलाईटमागचा स्क्रू फिरवून फोकस खाली करतो. समोरच्यांची तक्रार थांबते, पण आता रस्ता अजिबात दिसत नाही, म्हणून पंधरा दिवसांनी आपणच तो स्क्रू पुन्हा वर करून घेतो. हे चक्र कितीही वेळा फिरवले तरी संपत नाही, कारण स्क्रू झोत वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकवू शकतो, पण बिघडलेला आकार दुरुस्त करू शकत नाही.

माझ्या हॅचबॅकमध्ये मी या चक्रातून पावसाळ्याचे दोन महिने गेलो. गाडीत एच४ प्रकारचे साधे हॅलोजन बल्ब होते आणि त्यांचा प्रकाश मला मंद वाटत असे. म्हणून एका दुकानातून, खोक्यावर मोठमोठे आकडे छापलेली एलईडी जोडी घेतली. त्याच आठवड्यात कोल्हापूरहून आजऱ्यामार्गे आंबोली घाट उतरताना पाऊस आणि धुके एकत्र लागले. समोर फक्त पांढरी भिंत उभी राहिली, रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा दिसेना, आणि वळणावर समोर आलेला ट्रक जागीच थांबला, कारण त्याच्या चालकाला माझ्या उजेडात काही दिसत नव्हते. त्या रात्रीनंतर मी ठरवले की डोळ्यांच्या अंदाजावर अवलंबून न राहता जुना आणि नवा झोत एकाच भिंतीवर, एकाच अंतरावरून मोजून पाहायचा.

पुढचे समजण्यासाठी जुना एच४ बल्ब एकदा हातात घेऊन पाहावा. काचेला बोट लावू नये, फडक्याने धरावे, कारण बोटाचा तेलकटपणा राहिला तर तापल्यावर काच तिथेच खराब होते. आत दोन फिलामेंट दिसतात. टोकाकडचे डिपरचे असते, आणि त्याच्या खाली चमच्याच्या टोकाएवढी धातूची एक वाटी असते. डिपर लावल्यावर ही वाटी खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा, म्हणजे बल्बमागच्या आरशासारख्या वाटीचा, फक्त वरचा अर्धा भाग उजळतो आणि तो प्रकाश रस्त्याकडे खाली परततो. मागचे फिलामेंट अप्परचे. त्याच्याखाली वाटी नसते, म्हणून पूर्ण रिफ्लेक्टर वापरला जातो. वाटीची एक कड १५ अंशांनी तिरपी कापलेली असते. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो, म्हणून आपल्याकडील झोताची वरची कड उजवीकडे सपाट राहते आणि मधोमध मोड घेऊन डावीकडे चढत जाते. समोरच्याचे डोळे उजवीकडे असतात, तिथे अंधार. पायी चालणारे, सायकली आणि कडेचे दगड डावीकडे असतात, तिथे उजेड. ही रचना १९७१ साली आली आणि आजही आपल्या रस्त्यावरच्या असंख्य गाड्यांमध्ये तीच आहे.

डिपरचे ते फिलामेंट जेमतेम साडेपाच मिलिमीटर लांब आणि काडीपेक्षाही बारीक असते, आणि रिफ्लेक्टरचा प्रत्येक वक्र त्या एवढ्याशा जागेचा हिशोब धरून घडवलेला असतो. एलईडी बल्बमध्ये त्या जागी एक धातूची पट्टी असते आणि तिच्या दोन्ही अंगांना प्रकाश देणाऱ्या चिप चिकटवलेल्या असतात. पट्टी जाड असेल तर दोन्ही बाजूंच्या चिपांमध्ये अंतर पडते, म्हणजे रिफ्लेक्टरला एका बारीक उगमाऐवजी दोन वेगळे उगम दिसतात. चिपांची रांग फिलामेंटपेक्षा मिलिमीटरभर पुढे-मागे असली, तरी भिंतीवर कड विस्कटते. शिवाय फिलामेंट सर्व बाजूंना सारखा प्रकाश टाकते, तर चिप समोरच्या बाजूला भरपूर आणि कडेला जवळपास काहीच टाकत नाही, त्यामुळे रिफ्लेक्टरचे काही भाग उपाशी राहतात. म्हणून खोक्यावरच्या ल्युमेनच्या, म्हणजे एकूण प्रकाशाच्या आकड्याला फारशी किंमत देऊ नये. प्रमाणित एच४ बल्ब डिपरवर १३.२ व्होल्टला साधारण १००० ल्युमेन देतो, आणि तेवढा प्रकाश योग्य जागी पडला तर घाटातही पुरतो.

भिंतीची मांडणी

सपाट जमीन आणि तिच्या टोकाला उभी फिकट भिंत एवढेच लागते. मी गावाबाहेरच्या एका मंगल कार्यालयाची मागची भिंत वापरली. जमीन डोळ्यांना सपाट वाटते, पण असतेच असे नाही, म्हणून गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन गाडीच्या जागेची आणि भिंतीच्या पायथ्याची पातळी जुळवली. तिथे चार सेंटिमीटरचा उतार निघाला आणि तो मापात धरावा लागला. टायरची हवा बरोबर असावी, चालकाच्या आसनावर माणूस बसलेला असावा, डिकी रिकामी असावी आणि डॅशबोर्डवरचे फोकसचे चाक असल्यास ते शून्यावर असावे. हे चाक दोनवर राहिलेले असताना स्क्रू फिरवून घेतलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांचा गोंधळ पुढे महिनोन्महिने चालतो.

हेडलाईटच्या काचेपासून भिंतीपर्यंत बरोबर १० मीटर अंतर ठेवावे. प्रत्येक हेडलाईटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून, माझ्या गाडीत ती ६५ सेंटिमीटर आहे, तेवढ्या उंचीवर भिंतीला आडवी चिकटपट्टी लावावी आणि दिव्याच्या मध्याच्या समोर एक उभी पट्टी लावावी. दुसरी आडवी पट्टी पहिलीच्या १० सेंटिमीटर खाली लावावी. १० मीटरवर १० सेंटिमीटर म्हणजे १ टक्का उतार, आणि या उताराने ६५ सेंटिमीटर उंचीचा झोत सुमारे ६५ मीटरवर जमिनीला टेकतो. कडेचा सपाट भाग या खालच्या पट्टीवर आणि मोड उभ्या पट्टीवर बसला, तर फोकस बरोबर आहे असे समजावे.

एका वेळी एकच हेडलाईट पाहावा आणि दुसऱ्याच्या समोर पुठ्ठा उभा करावा. कापड काचेवर टाकू नये, कारण हॅलोजनच्या उष्णतेने ते आणि प्लॅस्टिकची काच दोन्ही खराब होऊ शकतात. फोटो काढताना मोबाईलच्या कॅमेऱ्याने प्रकाशाची मात्रा स्वतः ठरवू नये यासाठी मॅन्युअल मोड वापरावा आणि सर्व फोटोंना एकच आयएसओ व एकच शटर ठेवावे. नाहीतर कॅमेरा मंद झोत उजळ आणि उजळ झोत मंद करून दाखवतो आणि तुलनेला अर्थ उरत नाही.

भिंतीवर काय दिसले

मूळ हॅलोजनचा झोत पिवळसर आणि एकूण मंद होता, पण त्याची कड पट्टीने आखल्यासारखी होती. उजवीकडे सपाट, मध्ये मोड, डावीकडे चढण, आणि प्रकाशाचा सर्वांत दाट भाग मोडाच्या लगेच खाली. कडेच्या वर अंधार होता, पण पूर्ण नव्हे. रस्त्याच्या पाट्या वाचता याव्यात एवढा थोडा प्रकाश तिथे असावाच लागतो.

त्याच हेडलाईटमध्ये एलईडी बसवल्यावर मोड नाहीसा झाला. कडेच्या जागी हातभर रुंदीचा धूसर पट्टा आला, त्याच्या वर उजव्या बाजूला, म्हणजे नेमका समोरच्या चालकाच्या डोळ्यांच्या दिशेने, एक ठळक पांढरा डाग पडला, आणि दाट प्रकाशाचा गाभा दोन तुकड्यांत फुटून खाली घसरला. गाभा खाली घसरला की गाडीच्या जवळचा, दहा मीटरच्या आतला रस्ता फार उजळतो. त्याने चालकाला वाटते की दिवे जोरदार आहेत, पण जवळच्या झगझगाटाने डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी गडद होतो. आंबोलीत माझे नेमके हेच झाले होते, आणि कडेच्या वर सांडलेला प्रकाश धुक्यावर आपटून परत येत होता ते वेगळेच.

हा बल्ब फेकून देण्याआधी एक गोष्ट तपासावी, कारण अनेकदा दोष बल्बपेक्षा बसवण्यात असतो. एलईडी बल्बच्या चिप डावी-उजवीकडे तोंड करून असाव्यात, घड्याळाच्या तीन आणि नऊच्या दिशेला. त्या वर-खाली झाल्या असतील तर भिंतीवर फुलपाखराच्या पंखांसारखे दोन पसरट डाग दिसतात. बल्बची गोल पकड फिरती असल्यास ती सैल करून चिप आडव्या कराव्यात. तसेच एच४ च्या बैठकीला तीन कान असतात, त्यांतला रुंद कान वरच्या खाचेत बसला पाहिजे आणि तारेची क्लिप दोन्ही बाजूंनी अडकली पाहिजे. मागच्या पंख्यामुळे रबरी टोपण बसत नाही म्हणून क्लिप अर्धवट सोडलेली असेल, तर बल्ब प्रत्येक खड्ड्यागणिक हलतो. टोपण काढून टाकलेले असेल तर पावसात काचेच्या आत पाणी साचते आणि धुळीने रिफ्लेक्टर आंधळा होतो. माझ्या जोडीतला उजवा बल्ब थोडा फिरलेला निघाला. तो सरळ केल्यावर डाग कमी झाला, पण मोड परत आला नाही.

एका मित्राकडची पातळ पट्टीची एलईडी जोडीही मी त्याच भिंतीवर पाहिली. तिची कड बरीच स्वच्छ होती आणि मोडही ओळखू येत होता, मात्र गाभा हॅलोजनच्या तुलनेत पसरट होता. सगळे एलईडी सारखेच वाईट असतात असे मी म्हणणार नाही. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बांना रस्त्यावर वापरण्याची परवानगी आहे, पण ती बल्बला सरसकट दिलेली नसून अमुक बल्ब अमुक गाडीच्या अमुक हेडलाईटमध्ये तपासला आहे अशा यादीने दिलेली आहे. त्यामागचे कारण तेच, की झोत बल्ब आणि रिफ्लेक्टर मिळून घडवतात, त्यामुळे एका गाडीत चांगला ठरलेला बल्ब दुसरीत वाईट ठरू शकतो.

डोळ्यांवर विसंबायचे नसेल तर लक्समीटर, म्हणजे एखाद्या जागी पडणारा प्रकाश लक्समध्ये मोजणारे यंत्र घ्यावे. युरोपीय नियमांत हॅलोजन डिपरसाठी २५ मीटरवर ठरवलेले बिंदू आहेत, आणि त्यांतले दोन मला सर्वांत उपयोगी वाटतात. पहिला समोरून ५० मीटरवर येणाऱ्या चालकाच्या डोळ्याचा. जुन्या मापाने तिथे जास्तीत जास्त ०.४ लक्स चालतो. दुसरा आपल्या बाजूच्या रस्त्याच्या कडेचा, ७५ मीटरवरचा. तिथे किमान १२ लक्स हवा. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होतो, म्हणून १० मीटरवर हेच आकडे सव्वासहापट होतात, म्हणजे पहिल्या जागी २.५ पेक्षा कमी आणि दुसऱ्या जागी ७५ पेक्षा जास्त. डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी पहिला बिंदू दिव्याच्या उंचीच्या १० सेंटिमीटर वर आणि उभ्या पट्टीच्या ६० सेंटिमीटर उजवीकडे येतो. दुसरा दिव्याच्या उंचीच्या १० सेंटिमीटर खाली आणि २० सेंटिमीटर डावीकडे. प्रयोगशाळेची काटेकोर चाचणी यातून होत नाही, पण दोन बल्बांची तुलना मात्र स्वच्छ होते. माझ्या एलईडीने डोळ्याच्या बिंदूवर १४ लक्स आणि रस्त्याच्या बिंदूवर ४१ लक्स दाखवले. हॅलोजनने अनुक्रमे १.३ आणि ५८ दाखवले. स्क्रूने एलईडीचा डोळ्याच्या बिंदूवरचा आकडा २.५ च्या आत आणला, तेव्हा रस्त्याच्या बिंदूवर काहीच उरले नाही. मेकॅनिककडच्या त्या सगळ्या फेऱ्यांचे उत्तर या एका मोजणीत होते.

मग हॅलोजन मंद का होता

तुलनेत हॅलोजन जिंकला, तरी ५८ हा आकडा ७५ च्या खालीच होता, आणि मी एलईडीकडे वळलो त्याचे मूळ तिथेच होते. इंजिन चालू ठेवून आणि डिपर लावून मल्टिमीटरने मोजले. बॅटरीच्या टोकांवर १३.९ व्होल्ट होते, बल्बच्या होल्डरवर फक्त ११.८. त्यांतले दीड व्होल्ट स्विच आणि बारीक तारेत जात होते आणि ०.६ गंजलेल्या अर्थिंगमध्ये. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, त्यामुळे १३.२ ऐवजी ११.८ व्होल्ट मिळाले की प्रकाश जवळपास दोन तृतीयांशावर येतो. दिवे मंद वाटतात म्हणून बल्ब बदलणाऱ्या प्रत्येकाने आधी ही मोजणी करावी असे मी अगदी कळकळीने सांगेन, कारण तिला पाच मिनिटे लागतात आणि तिच्यावाचून केलेला खर्च बहुधा चुकीच्या जागी होतो.

उपाय म्हणून बॅटरीपासून १५ अँपिअरचे फ्यूज घालून जाड तार थेट हेडलाईटपर्यंत आणली आणि डिपर व अप्परसाठी एकेक रिले (विजेने चालणारा स्विच) बसवला. जुनी तार आता फक्त रिले चालू करते, बल्बचा भार तिच्यावर येत नाही. अर्थिंगचा बोल्ट काढून बॉडीचा रंग खरवडला आणि नवे टोक बसवले. होल्डरवर १३.४ व्होल्ट मिळू लागले आणि त्याच बिंदूवर लक्समीटर ५८ वरून ८९ वर गेला. डोळ्याच्या बिंदूवरचा आकडा २ च्या आसपास राहिला. ज्या गाड्यांत हेडलाईट कंट्रोल युनिटवरून चालतात, त्यांत मात्र तारांना हात लावण्याआधी जाणकार इलेक्ट्रिशियनला दाखवावे.

१००/९० वॉटचे हॅलोजन हा याला पर्याय नाही. त्यांचा आकार बरोबर येतो, पण मूळ ६०/५५ वॉटसाठी बनवलेली तार, होल्डर आणि रिफ्लेक्टर ती उष्णता सोसत नाहीत. होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टरचा मुलामा काळवंडतो. एचआयडीचे (फिलामेंटऐवजी वायूतल्या विजेच्या ज्योतीने उजळणाऱ्या दिव्याचे) किट रिफ्लेक्टरमध्ये घालणे तर सर्वांत वाईट, कारण त्याचा उगम फिलामेंटपेक्षा वेगळ्या आकाराचा आणि कितीतरी तेजस्वी असतो. काच पिवळी पडली असेल तर ती आधी पॉलिश करून घ्यावी, कारण धूसर काच कोणत्याही बल्बची कड विस्कटते.

पूर्ण हेडलाईट बदलला असेल तर

इथे बल्ब आणि रिफ्लेक्टर एकत्र बनवलेले असल्याने शक्यता चांगली असते, आणि सात इंची गोल दिव्यांच्या गाड्यांना स्वच्छ कड असलेले एलईडी दिवे मिळतातही. तरी एक दोष वारंवार आढळतो. बाहेरच्या देशातून आलेला दिवा उजव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठी बनवलेला असतो, म्हणजे त्याची कड उजवीकडे, थेट समोरच्याच्या डोळ्यांत चढते. भिंतीवर चढण उजवीकडे दिसली की कोणताही स्क्रू उपयोगाचा नाही, तो दिवा परत करावा. घेण्याआधी काचेवरची खूण पाहावी. वर्तुळातल्या ई अक्षराची (युरोपीय नियमांची) मंजुरी असलेल्या दिव्यावर, तो डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी असल्यास आडवा बाण असतो, आणि दिव्यासमोर उभे राहून पाहिल्यास तो आपल्या उजव्या हाताकडे, म्हणजे गाडीच्या डाव्या बाजूकडे रोखलेला असतो. एचसीआर ही अक्षरे असतील तर तो दिवा हॅलोजनसाठी, डिपर आणि अप्पर दोन्हींसह मंजूर आहे. कोणतीच खूण नसलेला दिवा भिंतीवर पाहिल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नये.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वा नियम यासाठीच आहे. गाडीपुढे ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झगमगाट होणार नाही इतका झोत कायम खाली वळलेला असला पाहिजे, असे तो सांगतो. भिंतीवरच्या मोजणीनंतर गाडीपुढे आठ मीटर चालत जाऊन उजव्या बाजूला थोडे वाकून एकदा स्वतः दिव्याकडे पाहावे. समोरच्याला काय सोसावे लागते ते तेवढ्यात कळते.

फोकस बसवल्यावर साधारण आठवडाभराने तोच झोत त्याच पट्ट्यांवर पुन्हा तपासावा, कारण नव्याने फिरवलेला स्क्रू किंवा नीट न बसलेली क्लिप खड्ड्यांच्या रस्त्यावर सरकते. मागे तीन माणसे आणि डिकीत सामान असेल तर गाडीचे नाक वर उचलले जाते, आणि अर्धा अंश उचलले तरी ५० मीटरवर झोत सुमारे ४४ सेंटिमीटर वर जातो. अशा वेळी स्क्रूला हात न लावता डॅशबोर्डवरचे चाक एक किंवा दोनवर न्यावे. माझ्या गाडीत पूर्ण भाराला दोन हा आकडा भिंतीवर बरोबर बसला, आणि गावाहून परतल्यावर डिकी रिकामी केली की चाक शून्यावर आणतो.